माळ्यावर सुधारलेली बियर

माऊ दिवसाकाठी बियरचे किती घोट घेत असेल, हा प्रश्न आईच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हता. मुलगी तिशी ओलांडलेली, रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिकलेली, स्वतःच्या पायावर उभी. तरी संध्याकाळी ती कामावरून आली, की आई दार उघडताना गरजेपेक्षा जरा जवळच उभी राहायची आणि एक मोठा श्वास आत ओढायची. माऊच्या ते लक्षात यायचं. ती गाल पुढे करून म्हणायची, "घे, नीट घे. आज फक्त माल्ट आणि साबण आहे."

"मी कुठे काय म्हटलं?"

"म्हणत नाहीस. हुंगतेस. आणि कितीदा सांगितलं, आम्ही पीत नाही. चाखतो आणि थुंकतो."

शिकल्यासवरल्या मुलीने दिवसभर बादलीत थुंकायचं आणि त्याचा पगार घ्यायचा, हे आईला पिण्यापेक्षा फारसं बरं वाटत नव्हतं.

खरं तर घरात हुंगण्याचा मक्ता माऊचाच. नावच त्यावरून पडलेलं. लहानपणी ती कुठलाही घास आधी नाकाशी धरायची आणि मग तोंडात टाकायची. दुसऱ्यांच्या घरी गेलं की आईचा जीव मुठीत असायचा. एका काकूने प्रेमाने दुधाचा पेला पुढे केला, तर ही म्हणाली, "हे दूध कापलेल्या कांद्याशेजारी ठेवलं होतं." ठेवलं होतंच, आणि तेच जास्त वाईट झालं. पहिली नोकरी फळांचे रस विकणाऱ्या कंपनीत लागली. तिथे भर बैठकीत तिने विचारलं, "यात फळ नक्की कुठे आहे?" उत्तर म्हणून कंपनीने तिला निरोप समारंभ दिला.

मग ही बियरची नोकरी. आई नातेवाइकांना सांगायची, "शीतपेयांच्या क्षेत्रात आहे." बाबा पेपरामागून म्हणायचे, "शीत आहे, पेय आहे. यात खोटं काहीच नाही."

कारखाना म्हणजे टायरांचं जुनं गोदाम. ओली फरशी, भिंतीला गुंडाळून टांगलेले जाड पाइप, माणसापेक्षा उंच स्टीलच्या टाक्या, आणि सगळे गमबूट घालून इकडून तिकडे फचफच करत चाललेले. मालकाला सगळे दाढी म्हणत. त्याने बँकेतली कॉम्प्युटरची नोकरी सोडून 'मनासारखं जगायचं' ठरवलं होतं आणि तेव्हापासून तो बँकेतल्यापेक्षा दुप्पट तास राबत होता. दारातल्या फळ्यावर खडूने बियरची नावं लिहिलेली असायची. वाचून ती प्यायची आहेत की रंग म्हणून भिंतीला द्यायची आहेत, असा प्रश्न पडावा.

या सगळ्यात दारू नसलेली बियर आली ती दादामुळे.

दादा म्हणजे आईचा थोरला भाऊ, माऊचा मामा. चष्म्यांचं दुकान. माणूस लाखात एक, फक्त संध्याकाळी सातनंतर त्या लाखात तो एकटाच कुठेतरी हरवलेला असायचा. वहिनीने एकदा बॅग भरली, डॉक्टरांनी यकृताचा फोटो दाखवला, आणि दादाने दारू सोडली. खरोखर सोडली. तेव्हापासून घराघरातून त्याला सांभाळायची चढाओढ लागली. कुठल्याही कार्यक्रमात इतरांच्या हातात पेले आले, की दादाला कुणीतरी धावत जाऊन संत्र्याचं सरबत आणून द्यायचं, वर स्ट्रॉ. केस पिकलेला, दुकानात चार माणसं हाताखाली असलेला गृहस्थ, आणि स्ट्रॉ.

एका लग्नात तो माऊच्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "नशा नको गं मला. ती भागली. पण सगळं जग मला गोड पाजतंय. काहीतरी कडू दे ना, जे बियरसारखं लागेल आणि काही करणार नाही."

माऊने ते जे मनावर घेतलं, ते घेतलं. मामाबरोबर डॉक्टरांकडे जाऊन विचारून आली. डॉक्टर म्हणाले, दारू शून्याला टेकलेली असेल तर माझी हरकत नाही, पण तशी ती आहे याची खात्री कोण देणार? माऊ म्हणाली, "मी."

वहिनीची हरकत होती. तिने आईला फोनवर सुनावलं, "वन्सं, दात काढलेला साप आहे तो. दात नाहीत म्हणून मी घरात सोडू का?" आई म्हणाली, "माझी मुलगी करतेय, वहिनी. तिच्यावर तरी विश्वास ठेवा." असं बोलताना आपण दाराशी उभं राहून तिचा श्वास हुंगतो, हे आईला त्या वेळी आठवलं नाही.

अशी बियर करायच्या मुख्य रीती दोन, असं माऊने एका रविवारी भाजी निवडता निवडता समजावलं. एक म्हणजे नेहमीसारखी बियर होऊ द्यायची आणि मग तिच्यातली दारू काढून घ्यायची. हवा खेचून घेतलेल्या टाकीत ती नुसती कोमट केली तरी दारू उडून जाते. पण दारूबरोबर वासही उडतो, आणि त्या यंत्राला दाढीचं अख्खं गोदाम पुरलं नसतं. दुसरी रीत म्हणजे दारू होऊच द्यायची नाही. दारू करतं यीस्ट. धान्यातली साखर खातं आणि दारू सोडतं. तर असं यीस्ट आणायचं, ज्याला ती मुख्य साखर खाताच येत नाही. ते इकडचं तिकडचं थोडं चघळतं, जरासा फळांचा वास सोडतं आणि उपाशी पडून राहतं.

"म्हणजे आळशी," आई म्हणाली.

"आळशी नाही गं. त्याला पचतच नाही."

आईने मनातल्या मनात हिशेब लावला. पहिली रीत म्हणजे जावई बिघडू द्यायचा आणि मग व्यसनमुक्ती केंद्रात पाठवायचा. दुसरी म्हणजे बिघडायची कुवतच नसलेला जावई शोधायचा. तिला दुसरी रीत एकदम पसंत पडली आणि त्याच ओघात तिने माऊच्या लग्नाचा विषय काढला. माऊ भाजीची परात तशीच ठेवून उठून गेली.

पहिली खेप पाव भिजवलेल्या पाण्यासारखी लागली, तीही गोड. यीस्टने न खाल्लेली साखर कुठे जाणार? बाबांनी चाखून सांगितलं, "तापातून उठलेल्या माणसाला चालेल." दुसऱ्या खेपेत माऊने गोडपणा मारायला हॉप्स नावाची कडू फुलं ओंजळीने टाकली. बाबांनी विचारलं, "हिने भांडी घासायची का?" मग माऊने धान्य कमी केलं. ते भिजवायचं पाणी जास्त गरम घेतलं, म्हणजे साखर उतरते ती कमी गोड जातीची. तोंडात पाणीपाणी लागू नये म्हणून ओट्स घातले, जिभेला जाग यावी म्हणून चिमूटभर आंबटपणा दिला, आणि हॉप्सचा मोठा वाटा शेवटी, थंड टाकीत सोडला, म्हणजे कडवटपणा न येता नुसता वास उतरतो. तिला सांगताना ते सगळं सोपं वाटायचं. चेहरा बघितला की वाटायचं नाही.

अखेर दाढीने चाखण्याचा कार्यक्रम ठेवला. आईबाबाही गेले. शहाणीसुरती माणसं छोटे पेले उजेडाला धरून उभी होती. कुणाला ओल्या गवताची झाक मिळाली, कुणाला संत्र्याच्या सालीची. एकजण डोळे मिटून म्हणाला, "मला यात माझं बालपण लागतंय."

"ते ओट्स आहेत," माऊ म्हणाली.

आईने तिला कोपराने ढोसलं. पण दाढी खूश होता. बाटल्या भरायचं ठरलं.

भरलेल्या बाटल्यांना शेवटी गरम पाण्याची आंघोळ घालावी लागते. नेहमीच्या बियरमधली दारू तिची थोडीफार राखण करते. हिच्यात दारू नाही आणि उरलेली साखर मात्र भरपूर. चुकून एखादा खादाड जंतू आत शिरला, तर त्याला घर मिळतं आणि जेवणही. गरम केलं की सगळे मरतात. पण हॉप्सचा वासही जरासा मरतो, आणि ते माऊला डाचत होतं. मामा इतके दिवस थांबलाय, त्याला पूर्ण वासाची मिळू दे, म्हणून तिने एक पेटी आंघोळीआधीच बाजूला काढली. मोजमाप केलं, दारू नाममात्र होती. मामाला बजावलं, "फ्रिजमध्ये ठेव आणि लवकर संपव." त्यातली एक बाटली आईने मागून घेतली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला कपाटात काचेमागे उभी केली.

पेटी दादाच्या घरी पोचली आणि वहिनीने फ्रिजच्या दारावर हात ठेवला. "इथे दूध असतं, औषधं असतात. त्यांच्या पंगतीला ती बाटली बसणार नाही." दादाने भांडण वाढवलं नाही. त्याने पेटी न्हाणीघराच्या माळ्यावर, गिझरला टेकवून ठेवली. प्यायच्या आधी बाटली नळाखाली धरायची, झालं. घरातली कुरकूर भाचीला कशाला सांगा, म्हणून त्याने ते सांगितलंही नाही.

दादाचा दर रविवारी फोन यायचा. पहिल्या रविवारी तो म्हणाला, "बरी आहे. थोडी गोड आहे, पण कडू आहे गं. घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं." पुढच्या रविवारी म्हणाला, "चव खुलतेय." त्याच्या पुढच्या रविवारी तो रंगातच होता. "काल बाटली उघडली तर फेस छताला लागला. काय जोर आहे. आणि गोडपणा पार गेला बघ. माऊला सांग, आता जमली."

आईने जेवताना ते अक्षरशः मिरवलं. तिला वाटलं होतं, माऊ लाजेल. माऊचा घास हातातच राहिला.

"गोडपणा गेला म्हणाला?"

"पार गेला म्हणाला. इतकं मनावर घेऊन केलंस, त्याचं चीज झालं."

"आई, ती पेटी एकाच दिवशी भरलीय. बियर खोक्यात बसून शहाणी होत नसते." ती उठली. "मामाने ती ठेवलीय कुठे?"

बाबांनी फोन करून सहज म्हणून विचारून घेतलं. माळा. गिझर. माऊने काचेमागची बाटली काढली, पिशवीत घातली, आणि सकाळी कामावर घेऊन गेली.

संध्याकाळी ती आली तेव्हा गाल पुढे केला नाही.

"नेहमीच्या बियरच्या जवळपास निम्मी," ती म्हणाली. "आणि ती तुझ्या कपाटातली. गिझरशेजारच्या जास्तच असतील."

"निम्मी काय?"

"दारू, आई."

चूक पाइपातली होती. नेहमीच्या बियरचा पाइप तिने घाईत या टाकीला जोडला होता. धुतला होता, पण रबराच्या जोडात जुनं यीस्ट चिकटून राहिलं. ते उपाशी राहणाऱ्या जातीचं नव्हतं. बाजारात गेलेल्या बाटल्यांना आंघोळ मिळाली होती, त्यातलं ते मेलं. कारखान्यात शिल्लक असलेल्या त्याच खेपेच्या बाटल्या तिने दिवसभर तपासून पाहिल्या होत्या, त्यांना काही झालेलं नव्हतं. बिघडली ती फक्त प्रेमाने वेगळी काढलेली पेटी. ती फ्रिजमध्ये राहिली असती तरी यीस्ट गारठून पडलं असतं. वहिनीने दारू घरात शिरू नये म्हणून जे केलं, त्यानेच ती घरात तयार झाली.

"म्हणजे दादा इतके दिवस..."

"पितोय."

बाबांनी पेपर खाली केला. "आणि खूश आहे," ते म्हणाले, आणि पेपर परत वर केला.

"मी मामाला सांगते," माऊ म्हणाली.

"तू काही सांगायचं नाहीस," आई म्हणाली. "आयुष्यात एकदा गप्प बस. सोडलेला माणूस आहे. कळलं तर म्हणेल, पीतच होतो की, मग आता काय उरलं? आणि वहिनी बॅग भरेल ती वेगळीच. मी उद्या जाते, चांगल्या बाटल्या ठेवते, त्या घेऊन येते. विषय संपला."

"डॉक्टरांना मी खात्री दिली होती."

"डॉक्टरांनी विचारलंय का?"

माऊ म्हणाली, "दोन दिवस. त्यानंतर मी सांगणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी आई पिशवी घेऊन दादाकडे गेली. दादा दुकानात होता. वहिनीने दारातच तिचा हात धरला. हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "वन्सं, मी चुकले हो. माऊला सांगा, मामीने माफी मागितलीय. माणूस बदललाय. संध्याकाळी गुणगुणतो काय, माझ्याशी बोलतो काय. परवा म्हणाला, चल, जरा फिरून येऊ. मीच मग त्या बाटल्या माळ्यावरून काढल्या आणि फ्रिजमध्ये ठेवल्या." तिने अभिमानाने दार उघडून दाखवलं. औषधांशेजारी उरलेल्या बाटल्या मानाने उभ्या होत्या.

आईला चहा नको होता, पण तिने मागितला. वहिनी गॅसकडे वळली तेवढ्यात तिने बाटल्या बदलल्या. पदवीधर बाई, वाचनालयाच्या कार्यकारिणीवर दोनदा निवडून आलेली, भावाच्या फ्रिजमधून दारू पळवत होती. पिशवीत बाटल्या किणकिणल्या तेव्हा तिने मोठ्याने खोकून घेतलं. घरी येऊन सगळं मोरीत ओतलं. फेस बराच वेळ खाली जाईना.

रविवारची वाट न पाहता दुसऱ्याच संध्याकाळी दादाचा फोन आला.

"माऊने काही बदललंय का गं?"

"नाही. का?"

"नाही, म्हणजे, काल घेतली. काहीतरी कमी वाटलं. दुसरी उघडली. तरी समाधान होईना. आज तेच. बियर तीच आहे म्हणजे मीच बिघडलो. तुझी वहिनी म्हणत होतीच, की हे नकली कितीही प्या, मन खऱ्याकडेच ओढणार. मला वाटत होतं मी सुटलो. सुटलेला नाही गं मी. आज दुकान बंद करून येताना त्या जुन्या गल्लीतून आलो. नुसताच आलो. कुठे शिरलो नाही. पण पाय तिकडे वळले."

आई म्हणाली, "सर्दी झाली असेल तुला. सर्दीत चव लागत नाही."

"असेल," दादा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

माऊ समोरच बसून गमबूट पुसत होती. बोलणं तिच्या कानावर पडलं होतं. आईला वाटलं, आता ही उसळणार. ती उसळली नाही.

"त्याची जीभ बरोबर आहे," ती म्हणाली. "त्याने ओळखलं. तो बिघडलेला नाही, बाटली बिघडलेली होती. आणि आपण त्याला सर्दी झालीय असं सांगतोय."

"मी त्याच्या भल्यासाठीच..."

"सगळे त्याच्या भल्यासाठीच करतात. मामाला सगळ्यांनी बाटलीसारखं ठेवलंय. उभा ठेवायचा, गार ठेवायचा, उजेड लागू द्यायचा नाही. मीसुद्धा तेच केलं, वेगळी पेटी काढून. त्याला कुणी काही सांगत नाही, नुसतं ठेवतात." तिने बूट खाली ठेवले. "दोन दिवस झाले, आई. मी करते फोन."

"तू थांब."

आई उठून खिडकीशी गेली. समोरच्या इमारतीत कुणी तरी दोरीवरचे कपडे काढत होतं, एकेक चिमटा तोंडात धरून. तिला आधी वाटलं, वहिनीला सांगावं. वहिनी रागावेल, चार शब्द सुनावेल, मग दादाला कसं सांगायचं ते ती बघेल. सोपं होतं. मग तिच्या लक्षात आलं, की हीसुद्धा दादाला माळ्यावर ठेवण्याचीच एक तऱ्हा झाली. वहिनी त्याला हळूच सांगेल, किंवा सांगणारच नाही, आणि तो त्या गल्लीतून रोज नुसताच येत राहील. एक दिवस नुसताच येणार नाही.

तिने मनात वाक्य जुळवून पाहिलं. दादा, तुला सर्दी झालेली नाही. तू इतके दिवस खरी पीत होतास, आणि ते तुला माहीत नव्हतं, म्हणून तू सोडलेली ती सोडलेलीच आहे. शेवटचा भाग खरा आहे की आपण तो आत्ता बनवला, हे तिला ठरवता येईना. पण पहिला भाग खरा होता, आणि तो ऐकून पुढे काय करायचं हे ठरवायचा हक्क त्या केस पिकलेल्या माणसाचा होता. तो चिडेल. वहिनीने काल धरला तो हात ती पुन्हा कधी धरणार नाही. कदाचित तो म्हणेलही, मग आता काय उरलं.

"मामीला लावतेस?" माऊने विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "दादालाच. त्याच्याच मोबाइलवर."

बाबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. आईने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दादाचा नंबर शोधला.